अकरा दोषांचं घर

२ मार्च

धाकटे,

पाटी लागली. काल सकाळी एजंट स्वतः शिडी घेऊन आला आणि फाटकावर 'विकणे आहे' ठोकून गेला. खिळा वाकडा मारला. मी तसं म्हटलं, तर म्हणतो, "बाई, महिनाभर तर राहायची आहे पाटी." त्याच्या तोंडात साखर पडो. पण आपल्या गल्लीत अशा नऊ पाट्या आहेत आणि सगळ्यात जुनी तीन वर्षांची. शिंप्याच्या पाटीवरचा फोन नंबर उन्हानं पुसला गेलाय. आता एखाद्याला ते घर घ्यावंसं वाटलंच, तरी त्यानं कळवायचं कुणाला?

एजंटनं टेप लावून सगळ्या खोल्या मोजल्या, वरची धरून पाच. मी विचारलं, मार्केट कसं आहे. म्हणाला, "जरा थंड आहे." कपबश्यांचा कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, निम्मी शाळा ओस पडली, दवाखान्यात एक नर्स आणि एक वजनकाटा उरला, आणि हा म्हणतो जरा थंड.

आपलं ठरलेलं पुन्हा एकदा लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात पक्कं बसेल. घर दोघींच्या नावावर, तेव्हा सही दोघींची. येतील त्या पैशात तुझ्या हॉस्पिटलजवळच्या घड्याळजींच्या दोन खोल्या घ्यायच्या, तळमजल्याच्या. तू तिथून पायी हॉस्पिटलात जाशील, मुलाच्या हॉलमधल्या दिवाणावरून तुझी सुटका होईल आणि माझी इथल्या भिंतींशी बोलण्यातून. भाड्यानं राहायचं म्हटलं तर दोघींच्या पेन्शनमध्ये तिथलं स्वयंपाकघरही मिळायचं नाही. तू इकडे यावंस तर इथे तुझं ते मशीन नाही. म्हणजे घर विकलं तरच आपण एकत्र, नाहीतर नाही. घड्याळजी किती दिवस थांबतील ते नीट विचारून कळव.

फोन करत नाही. डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही आणि उजव्या कानानं ऐकायचं नसतं.

थोरली


१४ मार्च

ताई,

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की सूनबाई आतून धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. सव्वीस वर्षं कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसून कानाचं वाटोळं झालं खरं, पण त्यामुळे तुमची पत्रं मिळतात. फोनवर तुम्ही "हं" आणि "ठेवते" याच्यापुढे कधी गेला आहात?

घड्याळजींशी बोलले. ऑक्टोबरअखेर थांबतो म्हणाले, मग मात्र मुलीकडे जाणार. कागद नाही, तोंडी शब्द आहे. पण भले गृहस्थ आहेत. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

माझी तब्येत अगदी छान. मंगळवारी आणि शुक्रवारी 'पार्लर'. चार तास आरामखुर्चीत पडायचं, रक्त धुऊन मिळतं, चहा तेवढा मिळत नाही. नर्स म्हणते, आजी, तुमच्यासारखी पेशंट नाही. मला आजी म्हणाली, एवढंच काय ते दुखणं.

आता एक विनंती, रागवू नका. चाळीस वर्षं आपण जावा आहोत, मी तुम्हाला ओळखते. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझ्या आईच्या देखत म्हणालात, "पोरगी गोड आहे, पण भांडी वरवर घासते." आई जन्मभर ते विसरली नाही. तर घर बघायला लोक येतील तेव्हा, ताई, जरा जिभेला आवर घाला. घराचं कौतुक करा. नाहीच जमलं तर त्यांच्या मुलांचं करा.

तुमची धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं. बँकेतला एक जण आणि त्याची बायको, बदली होऊन आलेले. बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं कोण जाणे, की इथे बदली झाली.

तुझी विनंती माझ्या लक्षात होती, पण माझीही काही रीत आहे. कारखान्यात एकतीस वर्षं मी कप तपासले. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक कप उचलायचा, काडीनं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, आणि दोष असेल तिथे निळ्या खडूनं गोल करायचा. गिऱ्हाइकानं दोष शोधायचा नाही, आपण दाखवायचा, हा नियम. दुसऱ्या प्रतीचा मालही विकला जातो, पण दुसऱ्या प्रतीचा म्हणून. मग घराला वेगळा न्याय का?

म्हणून आदल्या दिवशी मी खडू घेऊन घरभर फिरले. अकरा दोष निघाले. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल. मधल्या खोलीत तीन फरश्या खालून पोकळ. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण लागत नाही, हे तुला माहीतच आहे, भावजींनी रंधा मारून बिघडवलेली. जिन्याची चौथी पायरी हलते. बाकीचे इथे लिहीत नाही. प्रत्येकाभोवती निळा गोल केला आणि दोष मोठा असेल तिथे दोन.

बायको दारातच थबकली. "घरात लहान मुलं आहेत का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही, हे मी काढलंय. मग तिला एकेक गोल समजावून सांगितला. सातव्या गोलापर्यंत दोघं होती. नंतर नवऱ्याला एकाएकी बँकेतलं काही आठवलं. आज रविवार आहे, हेही मी त्याला सांगितलं.

एजंट फाटकाशी थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही घर विकताय की पंचनामा करताय?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण त्या पोरीनं घर घेतलं असतं आणि पावसाळ्यात मागच्या भिंतीला हात लावला असता, तर तिनं मला काय म्हटलं असतं?

थोरली


२० एप्रिल

ताई,

ती काहीही म्हणाली असती, तोवर आपण घड्याळजींच्या खोलीत चहा पीत बसलो असतो!

चिडून लिहिते आहे असं समजा. तुमच्यावर चिडायची माझी ही तिसरी वेळ, पहिल्या दोन तुम्हाला कळल्या नाहीत. ताई, न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मी बोर्डावर सव्वीस वर्षं "साहेब जागेवर नाहीत" म्हणत आले. साहेब खरंच जागेवर नसायचे, खिडकीत उभे राहून सिगारेट ओढत असायचे. जेवढं विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचं, आवाज गोड ठेवायचा आणि पुढचा फोन घ्यायचा. यात कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

तर आता माझ्या गळ्याची शपथ घ्या. सगळे गोल पुसून टाका. पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा एकाही दोषाचा उच्चार करायचा नाही. त्यांनी ओल विचारली तर "पावसाळ्यात सगळीकडेच असते" म्हणायचं. आणि एक तरी चांगलं वाक्य बोलायचं. हवं तर पाठ करा: "या घरात उजेड फार छान येतो." हे खरं आहे, सकाळी पुढच्या खोलीत येतोच.

शनिवारी परतताना घड्याळजींच्या दारावरून आले. त्यांनी ओटा स्वच्छ घासून घेतलाय. तुमच्या पसंतीला उतरावा म्हणून मीच सुचवलं होतं.

शपथ घेतलीत की नाही ते लिहा.

धाकटी


३० जून

धाकटे,

घेतली शपथ. गोल पुसले. निळा रंग भिंतीतून पुरता जात नाही, म्हणून त्या भिंतींना हातानं चुना मारला. त्या नादात कंबर धरली ती आठ दिवस. ते उजेडाचं वाक्यही पाठ केलं. पण ऐकायला कुणी नको? अडीच महिन्यांत फाटक वाजलं ते दोनदा, एकदा एजंटनं आणि एकदा वाऱ्यानं.

एजंटच्या सांगण्यावरून किंमत उतरवली, मग आणखी उतरवली. हल्ली तो बसतही नाही. उभ्या उभ्या "बघू" म्हणतो आणि जातो. परवा मी त्याला बसवून चहा दिला, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांत त्याचं एकही घर गेलेलं नाही. त्याची बायको म्हणते दुसरा धंदा बघा. घ्या, म्हणजे मला त्याचीच समजूत घालावी लागली.

शिंप्याचं घर विकलं गेलं नाही, पण शिंपी गेला. कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाला, कुणी आलं तर दाखवा. आता माझ्याकडे अशा चार किल्ल्या आहेत. संध्याकाळी आपल्या बाजूला फक्त माझ्या खिडकीत दिवा असतो. मला भीती वाटत नाही, पण आपण काही बोललो तर पलीकडे कुणाला ऐकू जाणार नाही, हे सारखं मनात येतं. म्हणून मोठ्यानं बोलते. मग वाटतं, वेड लागायचं.

आणि हे काय? मशीनचे तुझे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. मग शनिवारी तू कुठून परतत होतीस? एप्रिलच्या पत्रात आहे, मी चार वेळा वाचलं. मला सरळ उत्तर दे.

थोरली


१२ जुलै

ताई,

तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. शनिवारी एका जुन्या मैत्रिणीकडे गेले होते, बोर्डावर माझ्या शेजारी बसायची ती. झालं समाधान?

आता चांगलं ऐका. घड्याळजींनी मला खोल्यांची किल्ली दिली आहे. ते दुपारी दुकानात असतात, तेव्हा मशीन झालं की मी तिथे जाऊन तासभर पडते, म्हणजे बसचे हाल वाचतात. सतरंजी टाकून पडलं की दोन्ही खोल्या दिसतात. मी सगळं लावून टाकलंय. तुमचा पलंग आतल्या खोलीत खिडकीशी, कारण तुम्ही पहाटे उठणार आणि मला ते नको. माझा बाहेर. मध्ये पडदा नको, दारही उघडं ठेवू. तुम्ही वाचत बसाल आणि मधूनमधून वर्तमानपत्रातल्या चुका मला वाचून दाखवाल. मी "हं" म्हणेन. आपली अकरा वर्षं त्या एका स्वयंपाकघरात गेली, ताई. किती भांडलो, पण मी शहरात आल्यापासून माझ्या हातचा चहा वाईट झालाय असं तोंडावर सांगणारं कुणी नाही. इथे सगळे छान म्हणतात आणि अर्धा कप ठेवून देतात.

मुलगा आणि सून माझं खूप करतात. पण दिवाणावर निजले की त्यांना घरातल्या घरात चोरपावलांनी चालावं लागतं. मला ते सोसत नाही.

गिऱ्हाईक येईल. मला आतून वाटतंय.

धाकटी


६ सप्टेंबर

धाकटे,

आलं! गिऱ्हाईक आलं, आणि खरं आलं.

पॅकिंग खात्यातली उंच बाई आठवते? कारखान्याच्या फाटकाशी तुला भेटली होती, तुझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि तू म्हणालीस हिला पंखा पुसायला स्टूल लागत नसेल. तीच. आता गणवेश शिवते, बाहेरगावच्या शाळांच्या ऑर्डरी घेते. सहा मशिनं मावतील अशी जागा हवी आणि वर राहायला खोली. आपलं घर तिला जणू मापानं शिवलेलं. पैसे तयार आहेत. एजंटनं आदल्या दिवशी नवा शर्ट घेतला.

आणि ऐक, मी शपथ पाळली. अक्षरन् अक्षर पाळली. दोन वेळा सगळं घर फिरली ती. मधल्या खोलीत त्याच पोकळ फरशीवर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. जिन्यावर मी मुद्दाम तिच्या पुढे चालले आणि चौथ्या पायरीवर हलकेच पाय ठेवला. मागच्या भिंतीपाशी तिनं विचारलं, "बाई, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "या घरात उजेड फार छान येतो." तिथे खिडकी नाही, हे नंतर लक्षात आलं. पण बोलले ते बोलले, आणि आवाज तुझ्यासारखा गोड ठेवला.

ती एकदम गप्प झाली. बराच वेळ भिंतीकडे पाहिलं, मग नमस्कार करून गेली. एजंट म्हणतो, माणसाचं मनात ठरलं की ते असं गप्प होतं.

मी मोठं कपाट शाळेला देऊन टाकलं. दोन ट्रंका भरायला घेतल्यात. घड्याळजींना सांग.

तुझं खरं होतं. मी जन्मभर उगाच तोंड चालवलं.

थोरली


१५ सप्टेंबर

ताई,

पत्र हातात घेऊन खाली गेले आणि वाण्याला सांगितलं, लिफ्टमध्ये शेजारणीला सांगितलं, हॉस्पिटलात नर्सला सांगितलं. घड्याळजींनी भिंतीवरचं एक घड्याळ आपल्यासाठी ठेवायचं कबूल केलंय.

तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. ताई, याहून मोठं कुणी माझ्यासाठी काही केलेलं नाही.

सहीला मी येईन. मुलगा गाडीनं आणतो म्हणालाय. अक्षर वाकडं आलं तर हसू नका, हाताला सुई टोचून टोचून बोटं जरा हट्टी झाली आहेत.

धाकटी


११ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र मी पाच दिवस टाळत होते.

उंच बाईनं घर घेतलं. आपलं नाही. आपल्यापुढचं तिसरं, शिंप्याचं. त्याची किल्ली माझ्याचकडून गेली, एजंट मान खाली घालून घेऊन गेला. ते घर आपल्यापेक्षा वाईट आहे. त्याचा पुढचा कोपरा खचलाय आणि छप्पर बदलावं लागणार आहे.

परवा बेकरीत ती भेटली. मी सरळ विचारलं, का? तिनं आधी टाळलं. मग जे बोलली ते तुला तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या कानातून ते जात नाही.

म्हणाली, "बाई, एकोणीस वर्षं तुम्ही तपासलेले कप मी खोक्यात भरले. केसाएवढी चीर असली तरी तुम्ही गोल केल्याशिवाय सोडला नाही. माझ्या लग्नाच्या साडीला धागा निघालेला होता, तोसुद्धा तुम्ही मांडवात दाखवलात. बँकवाल्यांना तुम्ही सात दोष दाखवले, हे गावभर झालंय. मी वही घेऊन आले होते, तुम्ही सांगाल ते लिहून घ्यायचं आणि दुरुस्तीचा अंदाज काढायचा. आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत! वर नवा चुना. मी घरी जाऊन रात्रभर विचार केला. म्हटलं, या बाईंना लपवावं लागतंय म्हणजे पाया गेला असणार. घर कधी बसेल सांगता येत नाही. पोरी कामाला बसवायच्या तिथे, कशी घेऊ जोखीम?"

मी तिथेच, पाव हातात घेऊन, तिला अकरा दोष सांगितले. तोंडपाठ आहेत. ओल किती, कुठून कुठवर, सगळं. ती ऐकत गेली आणि तिनं कपाळाला हात लावला. "एवढंच? अहो, एवढंच होतं तर बोलायचंत ना! मी डोळे मिटून घेतलं असतं." पण तिनं सह्या करून टाकल्या होत्या. शिंप्याच्या घराचे दोष तिला कुणी सांगितले नाहीत. खचलेला कोपरा मीच सांगितला, तेव्हा ती रडकुंडीला आली. म्हणजे दोघींचं वाटोळं झालं.

आधी मला तुझा भयंकर राग आला. तुझी शपथ, तुझा गोड आवाज, तुझं ते उजेडाचं वाक्य. चार ओळी लिहिल्या त्या फाडल्या, कारण त्या वाचून तू रडली असतीस. मग स्वतःचा राग आला. या गावात माझ्याजवळ विकण्यासारखं एकच होतं, लोकांचा विश्वास, आणि तो नेमका त्या दिवशी मी झाकून ठेवला.

आता ऑक्टोबरचे वीस दिवस उरलेत. एजंट म्हणतो, या गावात पुन्हा घर बघणारं माणूस यायला वर्ष लागेल. घड्याळजींना विचार, आणखी थांबतील का. माझ्या नावानं विचार. हात जोडून विचार.

थोरली


२५ ऑक्टोबर

ताई,

तुमची काही चूक नाही. माझीच. नाही, कुणाचीच नाही. त्यावर आता बोलायला नको.

घड्याळजींना विचारलं. त्यांची मुलगी बाळंतीण आहे, त्यांना जावं लागतंय. एका तरुण जोडप्यानं खोल्या घेतल्या. मी किल्ली परत दिली. ते घड्याळ मला देत होते, मी नको म्हटलं, लावायचं कुठे?

तुम्ही ट्रंका उघडून ठेवा. कपडे दबून राहिले की वास धरतात.

मी छान आहे.

धाकटी


१६ नोव्हेंबर

मोठी आई,

हे पत्र आईला न सांगता ऑफिसातून लिहितोय. तीनदा तुम्हाला फोन लावला आणि एक रिंग होताच ठेवून दिला. बोलताना मी कोसळेन.

आईचं मशीन मार्चपासूनच आठवड्यातून तीनदा झालं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी तिनं आम्हाला ताकीद दिली होती. तुम्ही घाबरून घर मातीमोल देऊन टाकाल आणि तिच्यासाठी उघड्यावर पडाल, असं तिला वाटायचं. आता तिचं हृदय मशीन सोसत नाही. मागच्या दोन वेळा मशीनवरच तिची शुद्ध गेली. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, यापुढे लावण्यात अर्थ नाही. दोन आठवडे, फार तर तीन. ते तिच्यासमोरच सांगितलं. तिनं डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन सुनेला म्हणाली, मला ताईंकडे जायचंय.

तिकडच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. तिथल्या नर्सला फोन केला, ती रोज येऊन जाईन म्हणाली. दुखण्याची औषधं मी बरोबर देईन, रजा काढून मीही राहीन. पण एवढं ओझं तुमच्यावर टाकावं का, मला कळत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. आजच तीही तुम्हाला लिहिते आहे. तिनं काय लिहिलंय मला माहीत नाही, पण ओळखू शकतो.

तुमचा


१६ नोव्हेंबर

ताई,

गोड बातमी! डॉक्टरांनी माझं मशीन बंद केलं. आता गरज नाही म्हणाले. कधी नव्हे ती सगळा आठवडा मोकळी झाले. घर तर काही विकलं जात नाही, तेव्हा म्हटलं, हवापालटाला यावं का तुमच्याकडे? थोडे दिवस. पुढच्या खोलीत कुठेही पडेन. मुलगा सोडायला येईल, त्याला राहायचं असलं तर राहू दे, त्याचीही रजा साठली आहे.

तुम्हाला त्रास होणार असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा.

धाकटी


१९ नोव्हेंबर

धाकटे,

दोन्ही पत्रं आज एकाच वेळी आली. दोन्ही म्हणजे तुझं आणि तुझ्या मुलाचं. त्याच्यावर रागवायचं नाही. त्यानं लिहिलं नसतं, तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं.

त्याला फोन करून सांगितलं, परवा सकाळी निघा. हे कुरिअरनं पाठवतेय, निघायच्या आधी तुझ्या हातात पडेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे.

आधी वाटलं, तू मला हवापालट म्हणालीस, तर मीही हवापालट म्हणावं. तुला तेच हवं असणार. मग वाटलं, एकदा तुझं ऐकून गप्प बसले, आता नाही. तू इथे मरायला येते आहेस, हे मला कळलंय. आल्यावर तुला गोड आवाज काढायची गरज नाही. दुखलं की दुखतंय म्हण. भीती वाटली की मला उठव. मला तर आत्ताच वाटते आहे. सकाळपासून तीन वेळा रडले आणि एकदा बिचाऱ्या एजंटवर ओरडले.

तो पाटी काढायला आला होता. मीच बोलावलं. म्हणाला, बाई, पाटी काढली तर घर कायमचं राहून जाईल. म्हटलं, राहू दे. पाटीखालून तुला आत आणायचं मला जमणार नाही.

पुढच्या खोलीत तुझा पलंग लावलाय, उशा तीन ठेवल्यात. माझा त्याला लागून, मध्ये स्टूलही नाही. मुलाची सोय वरच्या खोलीत. चहा तुला किती चालतो ते नर्सला विचारलं, घोटभर म्हणाली. तो मी करणार, तू नाही.

इतके महिने घर विकून एकत्र राहायचं म्हणत होतो. ते न विकताच होतंय, दोन आठवड्यांसाठी. मला ते पुरणार नाही, धाकटे. तरी ये.

थोरली